चार मिलिमीटर वर

१

औषध मोजायच्या पेल्यावरची पट्टी चार मिलिमीटर वर छापली गेली होती, आणि त्यापायी तीन वर्षांची एक मुलगी काल दुपारपासून डोळे उघडत नव्हती.

तपासणीबाईंनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की आमच्या मालकांना "काय म्हणालात?" असं परत विचारावं लागलं. औषध कंपनीने पाठवलेल्या या बाई अंगाने बारीक, केस पांढरे, खांद्याला कापडी पिशवी. अशा बाईला कोणी भ्यावं असं काही नव्हतं. मी मात्र भ्याले होते, कारण ती पट्टी मी केली होती.

आमच्या छापखान्यात औषधाच्या पेल्यांवर चिकटवायच्या पारदर्शक पट्ट्या छापतात. एक उभी रेघ, तिच्यावर आडव्या रेघा, बाजूला आकडे. पट्टीचा खालचा काठ पेल्याच्या बुडाशी जुळवून चिकटवायचा, म्हणजे कुठल्या रेघेपर्यंत किती औषध ते ठरतं. वीस वर्षं हे काम माझ्या बाबांनी केलं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेली मी त्यांच्या खुर्चीत बसले. आज मालकांनी त्यांनाही बोलावून घेतलं होतं. काळा चष्मा लावून ते भिंतीकडेच्या स्टुलावर बसले होते.

बाईंनी पिशवीतून दोन पेले काढले. एक सर्दीच्या औषधाचा, एक खोकल्याच्या. सिरिंजने मोजून दोन्हींत अडीच-अडीच मिली पाणी सोडलं. खोकल्याच्या पेल्यात पाणी पहिल्या रेघेला बरोबर टेकलं. सर्दीच्या पेल्यात ते अर्ध्या वाटेतच थांबलं. बाईंनी आणखी अडीच मिली सोडलं, तेव्हा कुठे रेघ गाठली.

"आई रेघ बघून औषध देत होती," बाई म्हणाल्या. "पोरीच्या पोटात दर वेळी दुप्पट जात होतं. दोन दिवस, दिवसातून चार वेळा. हे औषध गुंगी आणतं."

छपाईच्या मशीनवर काम करणाऱ्या मामांनी मान खाली घातली. बाबांना पेले दिसत नव्हते, पण पाण्याचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली होती.

"दोन्ही पट्ट्या कोणी केल्या?"

"मी," मी म्हटलं.

"एकाच दिवशी?"

"हो. एकाच ग्रुपमधून." मग त्यांना कळावं म्हणून सांगितलं, "ग्रुप म्हणजे रेघा आणि आकडे सगळे एकत्र बांधून केलेलं गाठोडं. एकाला धरून ओढलं की सगळे येतात. बाबांनी ते पूर्वीच बनवून ठेवलंय. आम्ही दर वेळी त्याचीच नक्कल करतो आणि नवीन पट्टीवर ठेवतो."

"तेच गाठोडं, तोच हात, तोच दिवस. मग एक पट्टी बरोबर आणि एक चूक, हे कसं?"

मला फक्त एवढं माहीत होतं की पट्ट्या दोन नव्हत्या. त्या दिवशी मी तीन केल्या होत्या.

२

तिसरी ताईसाठी होती.

माझी मोठी बहीण एका प्रसूतिगृहात, नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. नोकरी अजून कच्ची. बाळांना औषध द्यायच्या काचेच्या ड्रॉपरांवरचे आकडे उकळून उकळून पुसले गेले होते. नवे मागवले की महिना जातो, म्हणून तिने मला म्हटलं, "मने, डझनभर बारीक पट्ट्या छापून दे ना, कोणाला कळणारही नाही." मी बाबांचा ग्रुप बारीक केला, छोट्या पट्टीवर ठेवला, आणि सर्दीच्या पट्ट्यांच्या कागदावर कडेला जागा उरली होती तिथे बारा नग छापून घेतले. आठवडाभर ते माझ्याकडेच पडून होते; काल संध्याकाळी घरी तिच्या डब्याच्या पिशवीत मीच टाकले.

आज त्या पट्ट्या ड्रॉपरांना लागलेल्या असणार. बाळांना चार वाजता औषध देतात, हे ताईने शंभरदा सांगितलं होतं. त्यांचा डोस म्हणजे पहिली रेघ.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

"पाणी पिऊन येते," म्हणून मी बाहेर गेले आणि ताईला फोन लावला. बंद. वॉर्डात जाताना त्या मोबाइल कपाटात ठेवतात. पाच वेळा लावला. वॉर्डाच्या टेबलावरच्या फोनचा नंबर होता माझ्याकडे, पण तो उचलतात मुख्य सिस्टर. त्यांना सांगितलं की ताईची नोकरी त्याच दिवशी गेली. आणि कदाचित तिसरी पट्टी बरोबर असेल. दोनांतली एक बरोबर होतीच की.

असं मी स्वतःला समजावत होते. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती, आणि भ्यालेल्या माणसाला कुठलीही सबब पुरते.

आत गेले तेव्हा बाईंनी मामांना समोर बसवलं होतं.

३

"तुमच्या मशीनवर कागद सरकू शकतो?" बाईंनी विचारलं.

"सरकतो ना." मामा आधीच फुरंगटले होते. "काही बिघडलं की पहिलं नाव माझंच. पण बाई, कागद सरकला तर सगळंच सरकतं. औषधाचं नाव, 'हलवून घ्या' ही सूचना, कडेची चौकट. ते सगळं जिथल्या तिथे आहे बघा. फक्त मापाच्या रेघा वर गेल्यात. माझं मशीन एवढं निवडक नाही."

बाईंनी पट्टीवर भिंग धरलं आणि मान हलवली. मामा सुटले. म्हणजे चूक फाइलमध्येच होती, आणि फाइल माझी होती.

"छापण्याआधी पट्टी मोजून कोण बघतं?"

मालक खाकरले. "काका बघायचे. पोलादी पट्टी घेऊन, स्वतः. ते सुट्टीवर गेले आणि ते तसंच राहून गेलं." काका म्हणजे माझे बाबा. मालकांचं कपाळ घामाने भिजलं होतं. "पण मला वेगळाच संशय येतोय. त्या संगणकाला कुलूप नाही. कोणीही येऊन रेघा हलवू शकतं. आमच्यावर दात धरून असणारा एक छापखाना आहे. पूर्वी त्यांनी आमची मापं चोरली होती."

"चोरली हे कसं कळलं?"

"काकांनी सिद्ध केलं. माझे वडील होते तेव्हाची गोष्ट. चोरांची फाइल मिळवली, दोघं दार लावून आत बसले, दहा मिनिटांनी वडील हसत बाहेर आले. समोरच्याने मुकाट्याने माफी लिहून दिली. कसं सिद्ध केलं ते वडिलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही." मालक बाबांकडे वळले. "काका, काय केलं होतं हो तेव्हा?"

"जुनी गोष्ट आहे," बाबा म्हणाले. त्यांच्या मांडीवर त्यांचा कंपासचा डबा होता आणि बोटं त्याच्या झाकणावरून फिरत होती.

बाईंची नजर त्या बोटांवर गेली. "झाकणावर काय कोरलंय?"

"मासा," बाबांच्या वतीने मी सांगितलं. बोलायला सोपं असं तेवढंच होतं. "मी चार वर्षांची असताना कर्कटकाने कोरला होता. मार खाल्ला त्यासाठी."

बाईंनी जवळ जाऊन पाहिलं. दोन वाकड्या रेघांचा मासा, शेपटी अंगापेक्षा मोठी, आणि डोळा चुकून पोटात. त्या किंचित हसल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि ते हसू गेलं.

"आता तुम्ही. संगणक लावा."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

मी सर्दीच्या पट्टीची फाइल उघडली.

"ग्रुप पट्टीवर कसा ठेवलात ते दाखवा."

"तळाला जुळवायचं बटण आहे. ग्रुप निवडायचा, पट्टी निवडायची, बटण दाबायचं. ग्रुपचं सगळ्यात खालचं टोक पट्टीच्या काठाला टेकतं."

"तुमचे बाबाही असंच करतात?"

"नाही. ते बटण दाबत नाहीत. मोजून आकडा टाइप करतात. मी त्यांना चिडवते त्यावरून."

"आता ग्रुपचा तळ कुठे आहे म्हणून संगणक सांगतोय?"

मी ग्रुपवर टिचकी मारली. भोवती निळी चौकट उमटली. कोपऱ्यातला आकडा मी दहा वेळा पाहिला होता. "शून्य. काठाला टेकलेला आहे."

"डोळ्यांना काय दिसतंय?"

उभी रेघ काठाच्या चार मिलिमीटर वर सुरू होत होती. निळी चौकट मात्र खाली काठापर्यंत आली होती. मधे पांढरी, रिकामी जागा.

"हे तुमच्या आधी लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हटलं. "वाटलं, बाबांनीच तेवढी जागा सोडली असेल. त्यांच्या कामात मी कशाला शंका काढू?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मालक, कोणी शत्रूने रेघा हलवल्या असत्या, तर संगणकाने तसं सांगितलं असतं. इथे तो छातीठोकपणे सांगतोय की ग्रुप तळाला टेकलाय. आणि तो खोटं बोलत नाही." त्या माझ्याकडे झुकल्या. "म्हणजे काहीतरी खरंच टेकलंय तिथे. आपल्याला दिसत नाही, एवढंच."

मी त्या रिकाम्या पांढऱ्या जागेकडे पाहत राहिले. भरदिवसा, चार माणसांत, माझ्या अंगावर काटा आला.

"आता खोकल्याची उघडा. तिथे हीच न दिसणारी वस्तू का टेकली नाही? तुम्ही काय वेगळं केलंत?"

"काही नाही."

"आठवा. मुलगी दवाखान्यात आहे."

आठवायची गरज नव्हती. सांगायची भीती होती. आमच्या छापखान्यात एक नियम आहे, दारावर लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ. बाबांचा ग्रुप फोडायचा नाही. फोडला की रेघा इकडच्या तिकडे होतात, असं ते सांगत आले. मी शिकाऊ असताना एकदा फोडला, तर चार दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला होता.

"खोकल्याच्या पट्टीवर मिलीऐवजी चमचे हवे होते," मी पडद्याकडे बघत म्हटलं. "आकडे बदलायचे होते. म्हणून मी ग्रुप फोडला. आकडे बदलले, दिसतील त्या रेघा निवडल्या, आणि पुन्हा बांधल्या."

मागे स्टूल करकरलं.

"दिसतील त्या निवडल्या," बाई हळूच म्हणाल्या. "आणि जे दिसत नव्हतं?"

"ते मागे राहिलं असणार."

"राहिलंय का बघा. सगळं निवडा."

मी सगळं निवडलं. पट्टीच्या पार बाहेर, कोऱ्या जागेत, एक बारकी निळी चौकट एकटीच उमटली. आत काही नव्हतं.

म्हणजे जिथे मी बाबांचा नियम मोडला तिथे पट्टी बरोबर आली होती. जिथे पाळला तिथे चूक. आणि ताईच्या पट्टीसाठी मी नियम पाळला होता.

घड्याळात तीन पस्तीस.

५

"फक्त आकारांच्या कडा दाखवणारी सोय असते ना?" बाई विचारत होत्या. "रंग असो, नसो."

असते. मी ती लावली. रंग गेले, सगळं सुतासारख्या काळ्या रेघांचं झालं. आणि त्या रिकाम्या चौकटीत एक बारीक आकृती उभी राहिली. मी ती मोठी करत गेले.

दोन वाकड्या रेघा. अंगापेक्षा मोठी शेपटी. पोटात डोळा.

बाई पडद्याकडे पाहत होत्या, मग त्यांनी वळून कंपासच्या डब्याकडे पाहिलं. त्यांनी बोट दाखवलं नाही. कोणी काही म्हणायची त्या वाट बघत होत्या. मी गप्प बसले तरी बाबा वाचणार नव्हते, पण निदान माझ्या बोलण्याने ते अडकले नसते. आणि बोलायचं तर नुसत्या माशाबद्दल बोलून भागणार नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं, "तिसरी पट्टी आहे. ताईच्या वॉर्डात. ड्रॉपरांना लावायला मी चोरून दिली. ग्रुप न फोडता. चार वाजता बाळांना औषध देतात."

बाबा ताडकन उठले. काळ्या चष्म्यातून त्यांना टेबलही दिसत नव्हतं, ते त्याच्यावरच आदळले. "फोन लाव. मने, आधी फोन लाव. तो मासा माझा आहे. तिसरी पण चूक आहे. लाव!"

वॉर्डाचा नंबर मला तोंडपाठ होता, तरी दोनदा चुकला.

६

मुख्य सिस्टरांनी फोन उचलला. मी कोण, कुणाची बहीण, काय केलं, सगळं एका दमात सांगितलं. "थांबा," एवढंच म्हणून त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. चपलांचा आवाज लांब जात गेला. मग कुठलंसं बाळ रडायला लागलं, त्याचं ऐकून दुसरं. मी कानाला फोन इतका दाबला होता की कान दुखायला लागला. बाळ रडतंय म्हणजे जागं आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग एक बाळ रडायचं थांबलं.

बाबांनी माझा दंड धरला होता. "मला तेव्हाच कळलं होतं," ते पुटपुटले. "पोरीच्या पोटात दुप्पट गेलं म्हणाल्या तेव्हाच. कोणी आपली मापं चोरली तर ओळखता यावीत म्हणून घातला होता मी तो, बिनरंगाचा, तळाच्या खाली. मी मोजून ठेवायचो म्हणून त्याने कधी घात केला नाही. तू बटण दाबशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"घाबरलो. वाटलं, पेलेच आहेत, कंपनी परत मागवेल. तिसऱ्या पट्टीचं तू सांगितलं नाहीस मला."

"माशाचं तुम्ही सांगितलं नाहीत मला."

पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचलला. ताई होती. ती रडत होती.

"मने, पहिल्याच बाळाचा ड्रॉपर भरला होता गं मी. त्याच्या ओठाला लावणार, एवढ्यात सिस्टरांनी हात धरला."

"कोणाला दिलं नाहीस ना? सकाळी?"

"नाही. पट्ट्या दुपारीच चिकटवल्या. कोणाला नाही."

मी खाली फरशीवरच बसले.

बाईंनी त्यांचा कागद काढला. बाबा आवाजाच्या दिशेने म्हणाले, "माझं नाव लिहा. पोरीचं नको."

"दोघांचीही लिहीन," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीने न मोजता छापलं आणि लपवून दिलं. तुम्ही लपवून ठेवलं आणि कळल्यावरही तासभर गप्प बसलात. मालकांचंही येईल. मोजायला कोणी नेमलं नाही." मग कागदाची घडी घालत त्यांनी आपला मोबाइल पाहिला. तो किती वेळ खिशात थरथरत होता कोण जाणे. त्या खिडकीशी जाऊन बोलल्या आणि परत आल्या, तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला होता.

"पोरीने डोळे उघडले. पाणी मागितलं. आईने पेल्यात दिलं तर म्हणाली, पेल्यातून नको."

कोणी हसलं नाही. मामा डोळे पुसत मशीनकडे निघून गेले.

ताईची नोकरी गेली. बाबा परत खुर्चीत बसले नाहीत, बसवलंही नसतं कोणी. मला मालकांनी एका कामापुरतं ठेवलं: बाबांनी बनवलेल्या प्रत्येक फाइलमधून तो मासा काढायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याबरोबर आले आणि शेजारी स्टूल ओढून बसले. कंपासचा डबा आणला नव्हता. मी पहिली फाइल उघडली, ग्रुप निवडला, आणि सवयीने बोट थांबलं.

"फोड," बाबा म्हणाले.

मी फोडला. उभी रेघ, आडव्या रेघा, आकडे, सगळे सुटे झाले. कडा दाखवायची सोय लावली, तर तळाच्या खाली मासा होताच. मी त्याच्यावर टिचकी मारली.

"मने, डोळा अजून पोटातच आहे का गं?"

"हो," मी म्हटलं, आणि तो खोडला.